हरणारा संघ ड्राफ्टमधून पुन्हा उभा करताना : एनबीएच्या नव्या प्रेक्षकासाठी मार्गदर्शन

एनबीए ही अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा नव्याने पाहू लागलेला मराठी प्रेक्षक बहुधा ड्राफ्टपाशी येऊन अडखळतो. आपल्या डोळ्यांपुढे आयपीएलचा किंवा प्रो कबड्डीचा लिलाव असतो. पैसे काढावेत, बोली लावावी आणि हवा तो खेळाडू घेऊन यावे, असा आपला हिशेब असतो. एनबीएत नव्या खेळाडूंवर बोली लागत नाही. दरवर्षी जूनच्या अखेरीस तीस संघ ठरलेल्या क्रमाने, दोन फेऱ्यांत, जगभरातील होतकरू खेळाडूंमधून एकेकाची निवड करतात. हा क्रम साधारणपणे उलटा असतो, म्हणजे मागच्या हंगामात जो संघ जास्त हरला त्याला निवडीची संधी आधी मिळते. रसातळाला गेलेल्या संघासाठी वर येण्याची एक वाट अशा रीतीने नियमांनीच मोकळी ठेवली आहे. ती वाट कशी चालावी आणि तिच्यावर पाय कुठे घसरतो, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे. खेळाडूंची निवड आणि देवाणघेवाण ज्याच्या हाती असते तो संघाचा जनरल मॅनेजर आपणच आहोत, असे धरून वाचकाने पुढे वाचावे.

ड्राफ्टवर एवढा भर का द्यावा, हे आधी समजून घेतले पाहिजे. बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका वेळी पाचच खेळाडू असतात आणि उत्तम खेळाडू 48 मिनिटांपैकी 35 मिनिटांच्या आसपास खेळतो, त्यामुळे एकट्या माणसाचा निकालावर जेवढा प्रभाव पडतो तेवढा क्रिकेटच्या अकरा जणांत क्वचितच पडतो. असा खेळाडू करारमुक्त झाल्यावर मिळवायचा, तर त्याला तुमच्या शहरात यावेसे वाटले पाहिजे. आणि लॉस एंजेलिस किंवा मायामी सोडून ओक्लाहोमा सिटीला अथवा डेट्रॉइटला आपण होऊन येणारे तारे थोडेच. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला खेळाडू मात्र शहर निवडू शकत नाही, आणि पहिल्या फेरीतील खेळाडूचा पगार चार वर्षे ठरीव तक्त्याप्रमाणे असल्याने तो संघाला स्वस्तही पडतो. लहान शहरातील संघाला मोठा खेळाडू हाताशी धरण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

पहिली पायरी : आपण कुठे उभे आहोत हे मान्य करणे

एनबीएचा संघ हंगामात 82 सामने खेळतो. पंधरा-वीस सामने जिंकणाऱ्या संघाची अवस्था सर्वांना दिसते. खरी पंचाईत 35 ते 40 सामने जिंकणाऱ्या संघाची होते. तो प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, टिकत नाही आणि ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांकही मिळवत नाही. त्रिशंकूसारखा मध्येच लोंबकळत राहतो. अशा संघाचे मुख्य खेळाडू तिशीच्या जवळ आलेले असतील आणि सगळे तंदुरुस्त असतानाही संघ दुसऱ्या फेरीपलीकडे जात नसेल, तर नव्याने बांधणी करण्याची वेळ आली आहे असे समजावे.

पण हा निर्णय एकट्या जनरल मॅनेजरचा नसतो. मालकाकडून किमान चार-पाच वर्षांचा शब्द घेतल्याशिवाय कामाला हातच घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागे फिलाडेल्फियाचे उदाहरण आहे. सॅम हिंकी यांनी मे 2013 मध्ये फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सची सूत्रे घेतली आणि भविष्यासाठी वर्तमान सोडून देण्याचे धोरण उघडपणे राबवले. पुढच्या तीन हंगामांत संघाने 19, 18 आणि 10 सामने जिंकले. म्हणजे 246 पैकी 199 सामने हरला. प्रेक्षकांचा, माध्यमांचा आणि इतर संघांचा दबाव वाढत गेला आणि एप्रिल 2016 मध्ये हिंकी पायउतार झाले. त्यांनी 2014 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला जोएल एंबीड पायाच्या दुखापतीमुळे दोन पूर्ण हंगाम बाहेर होता. तो पहिला सामना खेळला तेव्हा त्याला निवडणारा माणूस खुर्चीत नव्हता. हाच एंबीड 2022-23 मध्ये स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. रोप लावणारा आणि फळ खाणारा वेगळा निघाला, की मधल्या काळात घेतले जाणारे निर्णय उतावळे होतात. फिलाडेल्फियाचे तसेच झाले, ते पुढे येईलच.

दुसरी पायरी : जुने खेळाडू वेळेवर देऊन निवडीचे हक्क गोळा करणे

ड्राफ्टमधील निवडीच्या हक्काला तिथे ‘पिक’ म्हणतात, आणि हा हक्क चलनासारखा हातोहात फिरतो. आज खेळाडू देऊन समोरच्या संघाचा तीन, पाच किंवा सात वर्षांनंतरचा हक्क घेता येतो. सात वर्षांपलीकडचा व्यवहार करता येत नाही. नव्या प्रेक्षकाने या व्यवहारातील तीन बारकावे समजून घ्यावेत. पहिला बारकावा संरक्षणाचा. हक्क देणारा संघ अशी अट घालू शकतो की तो पहिल्या चारांत किंवा पहिल्या दहांत आला तर आमच्याकडेच राहील. दुसरा अदलाबदलीचा. दोन संघांपैकी ज्याचा क्रमांक वरचा असेल तो आपल्याकडे घेण्याची मुभा एका संघाला मिळते. तिसरा स्टेपियन नियम म्हणून ओळखला जातो. टेड स्टेपियन हे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडच्या संघाचे मालक होते आणि त्यांनी पहिल्या फेरीचे हक्क एकापाठोपाठ एक देऊन टाकले, म्हणून पुढे असा नियम झाला की कोणत्याही संघाने लागोपाठच्या दोन भावी वर्षांत पहिल्या फेरीच्या हक्काविना राहू नये. मालकाच्या उतावळेपणापासून खुद्द संघाला वाचवण्यासाठी केलेला हा नियम आहे.

ही पायरी कशी चढावी याचा वस्तुपाठ ओक्लाहोमा सिटी थंडरने घालून दिला. जुलै 2019 मध्ये त्यांचा पॉल जॉर्ज हा मोठा खेळाडू लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे जाऊ इच्छित होता. जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी यांनी त्याच्या बदल्यात शाय गिल्जस-अलेक्झांडर हा अवघा एक हंगाम खेळलेला 20 वर्षांचा मुलगा, डॅनिलो गॅलिनारी हा अनुभवी खेळाडू, पहिल्या फेरीचे पाच हक्क आणि आणखी दोन वर्षी हक्कांच्या अदलाबदलीची मुभा एवढे सगळे मिळवले. त्याच महिन्यात रसेल वेस्टब्रुक हा दुसरा मोठा खेळाडू ह्यूस्टनला देऊन पहिल्या फेरीचे आणखी दोन हक्क आले. क्लिपर्सने त्या घडीला केलेला व्यवहार अगदीच वेडेपणाचा नव्हता, कारण जॉर्जच्या बरोबरीने त्यांना कवाय लेनर्ड हा आणखी एक ताराही मिळाला. थंडरने मात्र आपल्या खेळाडूची किंमत सर्वांत जास्त असलेला तो क्षण ओळखला. खेळाडूचे गुडघे कुरकुरू लागल्यावर किंवा करार संपत आल्यावर विकायला निघालेल्या संघाला एवढा मोबदला कोणी देत नाही.

दुसऱ्याच्या घसरणीवर आपली उभारणी कशी होते, हे पाहायचे असेल तर बोस्टन पाहावे. त्यांनी 2013 मध्ये पॉल पियर्स आणि केव्हिन गार्नेट हे उतारवयाला लागलेले दोन दिग्गज ब्रुकलिनला दिले आणि बदल्यात 2014, 2016 व 2018 चे पहिल्या फेरीचे हक्क आणि 2017 साठी अदलाबदलीची मुभा घेतली. ब्रुकलिनचा संघ पुढे कोसळला आणि त्याच्या पराभवांचे फळ बोस्टनच्या पदरात पडत गेले. 2016 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर त्यांनी जेलन ब्राउन घेतला. 2017 मध्ये तर ब्रुकलिनच्या हक्कातून पहिलाच क्रमांक हाती आला. तो त्यांनी फिलाडेल्फियाला देऊन तिसरा क्रमांक आणि भविष्यातला आणखी एक हक्क घेतला, आणि तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटमची निवड केली. फिलाडेल्फियाने पहिल्या क्रमांकावर घेतलेला मार्केल फुल्ट्झ तिथे फार टिकला नाही. टेटम आणि ब्राउन या जोडीने 2024 मध्ये बोस्टनला विजेतेपद मिळवून दिले. या सगळ्या काळात 2013-14 चा 25 विजयांचा एक हंगाम सोडला तर बोस्टन स्वतः तळाला गेले नाही, ही गोष्ट मला विशेष वाटते.

तिसरी पायरी : लॉटरीचे गणित आणि हरण्याची मर्यादा

शेवटच्या क्रमांकाला पहिली निवड सरसकट मिळाली असती, तर मोसमाच्या अखेरीस निम्मे संघ मुद्दाम हरू लागले असते. म्हणून 1985 पासून लॉटरी काढली जाते. प्लेऑफला न पोहोचलेले 14 संघ तिच्यात असतात आणि सोडत दरवर्षी मे महिन्यात होते. एका काचपेटीत 1 ते 14 आकडे घातलेले पिंगपाँगचे चौदा चेंडू हवेच्या झोताने उडत असतात. पहिला चेंडू वीस सेकंदांनी आणि पुढचे दर दहा सेकंदांनी वर काढतात; वेळ सांगणारा माणूस पेटीकडे पाठ करून उभा असतो आणि हात वर करून इशारा देतो, म्हणजे कोणता चेंडू तोंडाशी आला आहे हे त्याला दिसू नये. चौदांतून चार चेंडूंच्या 1,001 जोडण्या होतात. त्यांतली एक बाद धरून उरलेल्या 1,000 जोडण्या संघांत आधीच वाटलेल्या असतात. ही खरी सोडत बंद खोलीत होते आणि दूरचित्रवाणीवर आपण पाहतो ती फक्त पाकिटे उघडण्याची घोषणा असते.

वाटणी कशी असते, हे नव्या जनरल मॅनेजरने पाठच करावे. 2019 पासून लागू झालेल्या पद्धतीत सर्वांत वाईट तीन संघांना प्रत्येकी 140 जोडण्या, म्हणजे पहिल्या क्रमांकाची 14 टक्के शक्यता मिळते. चौथ्या संघाला 12.5 टक्के, पाचव्याला 10.5 टक्के, असे उतरत उतरत चौदाव्या संघाच्या वाट्याला अर्धा टक्का येतो. सोडतीने फक्त पहिले चार क्रमांक ठरतात आणि पुढचे क्रमांक पराभवांच्या हिशेबाने लागतात. म्हणून सर्वांत वाईट संघ पाचव्याच्या खाली जात नाही. पण पाचव्यावर घसरण्याची त्याची शक्यता तब्बल 47.9 टक्के असते. पूर्वी शेवटच्या संघाला पहिल्या क्रमांकाची 25 टक्के शक्यता होती आणि त्याच आमिषाने संघ हरण्याची शर्यत लावत. ती कमी व्हावी म्हणून हा बदल केला गेला.

व्यवहारात याचा अर्थ काय, तो डेट्रॉइट पिस्टन्सला विचारावा. 2022-23 मध्ये ते 17 सामने जिंकून तळाशी राहिले आणि सोडतीत पाचवे आले. म्हणजे त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या व्हिक्टर वेंबान्यामाला मुकले, जो सॅन अँटोनियोला मिळाला. पुढच्या हंगामात त्यांनी सलग 28 सामने हरण्याचा, एका हंगामातील सर्वांत लांब पराभवमालिकेचा विक्रम केला, अवघे 14 सामने जिंकले आणि सोडतीत पुन्हा पाचवेच आले. याउलट 2024 मध्ये अटलांटाला 3 टक्के शक्यतेवर आणि 2025 मध्ये डॅलसला 1.8 टक्के शक्यतेवर पहिला क्रमांक लागला. डॅलसने त्याच वर्षी फेब्रुवारीत लुका डॉन्चिच हा आपला सर्वांत मोठा खेळाडू लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन आपल्या चाहत्यांना रडवले होते, आणि मे महिन्यात त्यांच्या हाती कूपर फ्लॅग या त्या ड्राफ्टमधल्या सर्वांत नावाजलेल्या मुलाला निवडण्याचा हक्क आला.

तेव्हा हरणे हीच योजना समजू नये. तळाच्या तीनांत असलात तरी शक्यता सारखीच, म्हणून तिसऱ्यावरून पहिल्यावर, म्हणजे अधिक तळाला जाण्यासाठी आणखी दहा सामने घालवणे शुद्ध तोट्याचे आहे. एखाद-दोन हंगाम तरुणांना खेळवताना पराभव होतील, ते सोसावेत. पराभव मुद्दाम ओढवून घ्यायला लागलात की खेळाडूंना त्याची सवय जडते, आणि ती सवय सोडवणे नवा खेळाडू मिळवण्याहून कठीण असते. सोडतीवर आपला ताबा नसतो; किती वेळा सोडतीत उतरायचे, म्हणजे किती हक्क जवळ बाळगायचे, एवढे मात्र आपल्या हातात असते.

चौथी पायरी : निवड करताना गरज बाजूला ठेवणे

नव्या माणसाची सर्वांत नेहमीची चूक अशी असते की संघात जी जागा रिकामी दिसते ती ड्राफ्टमधून भरायला तो निघतो. ड्राफ्टमधला मुलगा 19-20 वर्षांचा असतो आणि तो पिकून तयार होईपर्यंत तुमच्या संघातील जागा दहा वेळा बदललेल्या असतात. पोर्टलँडने 1984 मध्ये क्लाइड ड्रेक्सलर हा त्याच जागेवर खेळणारा गुणी खेळाडू आपल्याकडे आहे म्हणून दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी या उंच खेळाडूला घेतले आणि तिसऱ्या क्रमांकावर मायकेल जॉर्डन शिकागोला गेला. ही गोष्ट चाळीस वर्षे सांगितली जात आहे आणि तरीही ती चूक होत राहते.

सॅक्रामेंटो किंग्जची कहाणी आपल्याला जवळची वाटावी अशी आहे, कारण या संघाचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे आहेत आणि ऑक्टोबर 2019 मध्ये एनबीएचे भारतातील पहिले दोन सामने मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, याच किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात झाले. रणदिवे यांनी 2013 मध्ये संघ घेतला तेव्हाच तो सात वर्षे प्लेऑफबाहेर होता; हा वनवास एकूण 16 हंगाम चालला आणि एनबीएच्या इतिहासातील सर्वांत लांब ठरला. या काळात वरचे क्रमांक किंग्जला वर्षामागून वर्षे मिळत गेले. टायरिक इव्हान्स, डीमार्कस कझिन्स, थॉमस रॉबिन्सन, बेन मॅकलमोर, निक स्टॉस्कस, विली कॉली-स्टाइन हे सगळे चौथ्या ते आठव्या क्रमांकांदरम्यान घेतलेले खेळाडू. 2018 मध्ये दुसरा क्रमांक आला आणि डॉन्चिच समोर असताना त्यांनी मार्व्हिन बॅगली या उंच खेळाडूची निवड केली. डॉन्चिचसारखाच चेंडू हाताळणारा डीआरन फॉक्स हा तरुण त्यांच्याकडे आदल्या वर्षीच आला होता. पुढच्या वर्षी डॉन्चिच सर्वोत्तम नवोदित ठरला. भरीला भर म्हणजे 2015 मध्ये पगाराचा बोजा हलका करण्यासाठी केलेल्या एका व्यवहारात त्यांनी 2019 चा पहिल्या फेरीचा हक्क फिलाडेल्फियाला देऊन ठेवला होता. वरचा क्रमांक मिळाला म्हणजे संघ उभा राहिला असे होत नाही, हे यावरून कळावे.

मग मुलात पाहावे तरी काय? मे महिन्यात शिकागोला होणाऱ्या चाचणी शिबिरात उंची, वजन, दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, उडी, धावण्याचा वेग हे सगळे मोजले जाते. त्यातली हातांची लांबी मला उंचीपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण बचाव डोक्याने आणि हाताने होतो. नेमबाजीचा अंदाज घ्यायचा तर तीन गुणांच्या फेकींबरोबर फ्री थ्रोचे, म्हणजे समोरच्याच्या नियमभंगाबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकींचे, प्रमाण पाहावे. तिथे कोणी अडवत नाही, अंतर बदलत नाही, त्यामुळे हाताचे वळण खरे कळते. वय बारकाईने तपासावे, कारण 19 वर्षांच्या मुलाने महाविद्यालयीन स्पर्धेत केलेली कामगिरी 22 वर्षांच्या मुलाच्या तशाच कामगिरीपेक्षा मोलाची असते. वैद्यकीय अहवाल वाचल्याशिवाय निवड करू नये. आणि ज्या प्रशिक्षकांनी त्या मुलाला घडवले त्यांच्याशी बोलावे. हरलेल्या सामन्यानंतर तो कसा वागतो, एवढा एक प्रश्न विचारला तरी बरेच कळते.

खालच्या क्रमांकांना कमी लेखू नये. यानिस अँटेटोकुंपो 2013 मध्ये पंधरावा आला. निकोला योकिच 2014 मध्ये एक्केचाळिसाव्या क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या फेरीत निवडला गेला. त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा दूरचित्रवाणीवर एका खाद्यपदार्थाच्या साखळीची जाहिरात चालू होती आणि तो स्वतः सर्बियात झोपलेला होता. या दोघांनी आपापल्या संघाला विजेतेपद मिळवून दिले. दुसऱ्या फेरीत कराराची हमी नसते आणि बहुतेक मुले टिकत नाहीत हेही तितकेच खरे. पंजाबच्या बल्लो के या गावातला सतनामसिंग भामरा 2015 मध्ये डॅलसने बावन्नाव्या क्रमांकावर निवडला आणि तो एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला, पण एनबीएचा सामना खेळण्याची वेळ त्याच्यावर आली नाही.

पाचवी पायरी : निवडलेल्या मुलाला घडवणे

माझ्या मते सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत मोठी, आणि नवा प्रेक्षक नेमका इथेच कंटाळून दुसऱ्या संघाकडे वळतो. निवड एका रात्रीत होते. मुलगा घडायला तीन ते पाच वर्षे लागतात. कलमी आंब्याला पहिल्या एक-दोन वर्षांत मोहर आला तर जाणता बागायतदार तो खुडून टाकतो, कारण झाडाची ताकद मुळांत जायला हवी असते. तरुण संघाचे तसेच आहे.

2 डिसेंबर 2021 चा सामना पाहा. थंडरचा संघ मेम्फिसमध्ये 152-79 असा, 73 गुणांनी हरला. एनबीएच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा फरक. 1991 पासूनचा 68 गुणांचा विक्रम त्या रात्री मोडला. गिल्जस-अलेक्झांडर त्या सामन्यात नव्हता, मैदानावर होती ती बहुतेक नवखी पोरे. असा पराभव झाल्यावर प्रशिक्षक बदलावा, घाईने दोन-चार प्रौढ खेळाडू आणावेत, अशी ओरड कुठेही झाली असती. थंडरने काहीही बदलले नाही. प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्ट आधी त्यांच्याच जी लीगमधल्या, म्हणजे एनबीएखालच्या विकास स्पर्धेतल्या संघाचे प्रशिक्षक होते. होतकरू खेळाडूला शिकवणे हाच त्यांचा धंदा होता. त्या हंगामात संघ 24 सामने जिंकला. त्या संघातला लू डॉर्ट तर 2019 च्या ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेला मुलगा. जी लीगमधून वर येऊन तो स्पर्धेतल्या उत्तम बचावपटूंपैकी एक झाला. आरन विगिन्स पंचावन्नाव्या क्रमांकाचा. 2022 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या चेट होल्मग्रेनच्या पायाला पहिला हंगाम सुरू होण्याआधीच दुखापत झाली. त्याला पूर्ण वर्ष बसवून ठेवले, घाई केली नाही. त्याच ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स घेतला गेला, आणि तो हक्क होता पॉल जॉर्जच्या बदल्यात आलेला क्लिपर्सचा.

किंग्जने त्यांच्या सोळा वर्षांच्या वनवासात हंगामी धरून अकरा प्रशिक्षक पाहिले. दर दीड वर्षाने नवा मास्तर, नवी पद्धत, नवी भूमिका. अशा वर्गात हुशार मुलगाही मागे पडतो. त्या अकरांपैकी मायकेल मलोन यांना डिसेंबर 2014 मध्ये काढले गेले आणि त्यांनीच पुढे योकिचला घेऊन 2023 मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिले.

आणखी एक गोष्ट करावी. तरुणांच्या संघात दोन-तीन जुने, शिस्तीचे खेळाडू ठेवावेत, मग ते दहा मिनिटेच का खेळेनात. सराव कसा करावा, प्रवासात झोप कशी घ्यावी, पराभवानंतर पत्रकारांसमोर काय बोलावे, हे प्रशिक्षकापेक्षा सहकाऱ्याकडून लवकर शिकले जाते.

सहावी पायरी : करारांचे घड्याळ

ही पायरी कोरडी आहे, पण ती चुकली तर आधीचे सगळे वाया जाते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो. पहिली दोन वर्षे हमीची, तिसरे आणि चौथे संघाच्या मर्जीवर. तिसरा हंगाम संपल्यावर संघ त्याला पुढचा मोठा करार देऊ शकतो. म्हणजे चांगला निघालेला मुलगा पाचव्या वर्षापासून एकदम महाग होतो. तीन चांगले खेळाडू एकाच वर्षी निवडले असतील, तर तिघांचे पगार एकाच वेळी वाढतात. संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आहे, आणि एनबीए व खेळाडूंची संघटना यांच्यातील 2023 च्या करारनाम्यानंतर पगाराची ठरावीक रेषा ओलांडणाऱ्या संघावर खेळाडूंच्या देवाणघेवाणीबाबत कडक बंधने येतात. म्हणून निवडीचे हक्क एकाच वर्षी खर्च न करता पुढच्या वर्षांत पसरून ठेवावेत; महाग झालेल्या खेळाडूंच्या शेजारी स्वस्त, नवे खेळाडू दरवर्षी येत राहिले पाहिजेत.

सातवी पायरी : गोळा करणे थांबवून जिंकायला लागणे

हक्क साठवण्याचीही चटक लागते. संघातील दोन खेळाडू स्पर्धेच्या पहिल्या वीस-पंचवीसांत गणले जाऊ लागले आणि संघ चाळीसच्या आसपास सामने जिंकू लागला, की उणिवा भरायला सुरुवात करावी. त्याआधी करू नये. चौथ्या पायरीत वर्ज्य असलेली गरज इथे मात्र पहिली पाहायची असते. थंडरने 2022-23 मध्ये 40 आणि 2023-24 मध्ये 57 सामने जिंकले. मग 2024 च्या उन्हाळ्यात त्यांनी जॉश गिडी हा सहाव्या क्रमांकावर निवडलेला स्वतःचा तरुण खेळाडू शिकागोला देऊन अॅलेक्स करुसो हा तिशीतला बचावपटू घेतला आणि आयझाया हार्टेनस्टाइन या उंच खेळाडूशी करार केला. गुणवत्तेच्या नुसत्या हिशेबाने पहिला व्यवहार उणाच वाटला असता, पण संघाला चेंडू हाताळणारा आणखी एक खेळाडू नको होता. पुढच्या हंगामात त्यांनी 68 सामने जिंकले आणि जून 2025 मध्ये इंडियाना पेसर्सला सात सामन्यांच्या अंतिम फेरीत 4-3 असे हरवून विजेतेपद मिळवले. डेट्रॉइटनेही 14 विजयांच्या हंगामानंतर टोबायस हॅरिससारखे अनुभवी खेळाडू आणून, 2021 चा पहिला क्रमांक असलेल्या केड कनिंगहॅमभोवती संघ बसवला आणि पुढच्याच वर्षी 44 सामने जिंकले.

वळण घेण्याची किंमत कधी कधी मोठी असते. किंग्जने 2020 मध्ये बाराव्या क्रमांकावर टायरीझ हॅलिबर्टन हा अप्रतिम खेळाडू निवडला होता. फेब्रुवारी 2022 मध्ये तो पेसर्सला देऊन त्यांनी डोमांटास सबोनिस आणला. 2023 मध्ये 48 सामने जिंकून सोळा वर्षांचा वनवास संपवला आणि पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटकडून सातव्या सामन्यात हरले. हॅलिबर्टनने 2025 मध्ये पेसर्सला अंतिम फेरीत नेले. वरळीत एकमेकांसमोर उभ्या राहिलेल्या दोन संघांपैकी एकाचे नशीब दुसऱ्याने आपल्या हाताने दिले, असे आज म्हणता येते. पण सोळा वर्षे वाट पाहिलेल्या सॅक्रामेंटोच्या प्रेक्षकाला तो 2023 चा वसंत नकोसा होता, असे मी म्हणणार नाही.

आता पाहायला सुरुवात कुठून करावी

ऑक्टोबरात हंगाम सुरू होतो तेव्हा तळाचा एखादा संघ निवडावा आणि त्याच्याकडे पुढच्या सात वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क कोणकोणते आहेत, कोणाचे आहेत आणि त्यांवर कोणते संरक्षण आहे, याची यादी वहीत लिहून काढावी. फेब्रुवारीत देवाणघेवाणीची मुदत संपते, त्या आठवड्यात ती यादी पुन्हा तपासावी. मे महिन्यातली लॉटरी आणि जूनचा ड्राफ्ट अमेरिकेत बहुधा संध्याकाळी असतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे. ड्राफ्टची पहिली फेरी साडेपाचच्या सुमारास सुरू होते. जुलैत लास व्हेगासला नवोदितांची समर लीग होते. तिथे निवडलेल्या मुलाने किती गुण केले हे पाहू नये. बचावात तो योग्य जागी उभा राहतो का आणि चुकीची फेक झाल्यावर परत धावतो का, एवढे पाहावे.

आणि वहीतली यादी टाकून देऊ नये. थंडरने 2025 चे विजेतेपद जिंकले त्या रात्री पॉल जॉर्जच्या व्यवहारातून आलेला क्लिपर्सचा 2026 चा पहिल्या फेरीचा हक्क त्यांच्याकडे अजून शिल्लक होता.